रॉक बँडमध्ये बासरी: गावातल्या स्टेजवर ती ऐकू कशी येईल

भजनी मंडळात पेटी आणि खंजिरीच्या जोडीने बासरी वाजवणारा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगला रॉक बँडसोबत उभा राहतो, तेव्हा पहिल्याच कडव्यात त्याच्या लक्षात येतं की आपण वाजवतोय, पण ऐकू काहीच जात नाहीये. मग तो जोर लावतो. जोर लावला की बासरीचा सूर चढतो, थोड्या वेळाने फाटतो. बेसूर ऐकू आलं म्हणून गिटारवाला आपला आवाज वाढवतो आणि गाणं संपेपर्यंत बासरी फक्त फोटोत उरते. यात फुंकेचा दोष फार थोडा. चुकीची पट्टी, चुकीचं सप्तक आणि जागा न सोडणारी गिटार ही खरी कारणं, आणि तिन्ही कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, तालमीतच सोडवायची असतात.

रॉकमध्ये बासरी मुळात आली कुठून, हे थोडक्यात. १९६७ मध्ये द मूडी ब्लूज या इंग्लिश बँडच्या ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’मध्ये रे थॉमसने बासरीचा एक शांत तुकडा वाजवला. जेथ्रो टल या बँडचा इयन अँडरसन आधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनसारख्यांपुढे आपला निभाव लागणार नाही म्हणून त्याने ती सोडली, बासरी घेतली आणि १९६८ पासून एका पायावर उभं राहून ती बँडच्या पुढ्यात आणली. तो स्वतःच शिकलेला. पुढे मुलगी बासरी शिकायला लागली तेव्हा आपली बोटं काही सुरांना चुकीची पडतात हे त्याला कळलं आणि नव्वदच्या दशकात त्याने ती नव्याने बसवली. ही सगळी मंडळी चाव्यांची, धातूची बासरी वाजवणारी. तिच्यात बाराही सूर सारखेच सोपे. आपल्या सहा भोकांच्या बांबूत तसं नाही, आणि नवख्याची पहिली चूक इथेच होते.

पहिली पायरी: बासरी गाण्याच्या पट्टीवरून निवडा

गिटारवाला ‘ई मायनर’ म्हणतो, पेटीवाला ‘पांढरी तीन’. दोघं एकाच सुराबद्दल बोलत असतात. नवखा वादक हे ऐकून पांढरी तीनची बासरी काढतो आणि फसतो. ई मायनरमध्ये रॉकची बहुतेक धून ई, जी, ए, बी, डी या पाच सुरांवर चालते. पांढरी तीनच्या बासरीवर हे होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नी. यातले तीन सूर अर्धं भोक दाबून काढावे लागतात: कोमल ग, शुद्ध म आणि कोमल नी. धिम्या भजनात ते निभतं. मिनिटाला ११०-१२० मात्रांच्या लयीत बोट अर्ध्या भोकावर नेमकं बसत नाही आणि तिन्ही सूर घसरतात.

म्हणून सोपा नियम: मायनर गाण्याला त्याच्या पट्टीपासून तीन घरं वरची बासरी घ्या. पेटीवर काळी-पांढरी धरून पुढच्या तीन पट्ट्या मोजायच्या. ई मायनरला पांढरी पाच, म्हणजे जी. तेच पाच सूर आता होतात ध, सा, रे, ग, प. म्हणजे भूप! सगळी भोकं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद. भूपाळी ज्याच्या बोटात आहे, त्याच्या बोटात निम्मं रॉक आधीच आहे. फक्त मुक्कामाची जागा बदलते. सा वर थांबायची सवय मोडून ध वर थांबायचं. हे अंगवळणी पडायला आठ-दहा दिवस जातात. तोवर धून बरोबर येते पण गाणं संपल्यासारखं वाटत नाही.

नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा: ए मायनरला पांढरी एक, ई मायनरला पांढरी पाच, बी मायनरला पांढरी दोन, डी मायनरला पांढरी चार. सुरुवातीला पांढरी एक आणि पांढरी पाच या दोन पुरतात, कारण नवखे गिटारवालेही ए मायनर आणि ई मायनर सोडून फारसे कुठे जात नाहीत. पांढरी एकची मधल्या सप्तकाची बासरी १८-१९ इंचांची असते, बोटांना सोपी. पांढरी पाचची साधारण २४ इंच. तिला उजव्या हाताची बोटं ताणावी लागतात आणि शेवटचं भोक नीट झाकलं न गेल्याने खालचा प नुसता फुसफुसतो. बोटाच्या टोकाने झाकू नका, टोकामागच्या गादीने झाका.

इथे दोन खड्डे आहेत. बरेच रॉक बँड गिटारच्या सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून ठेवतात. बोटं ई मायनरची दिसतात, सूर मात्र अर्धा खाली. तेव्हा पांढरी पाच चालणार नाही, काळी तीन लागेल. दुसरा खड्डा कॅपोचा, म्हणजे गिटारच्या दांडीवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याचा. दुसऱ्या घरावर कॅपो असेल तर तेच ई मायनर दोन घरं वर जातं आणि बासरी पांढरी सहा लागते. गिटारवाल्याच्या बोटांवरून पट्टी ओळखू नका. त्याला एक तार छेडायला सांगा आणि ट्यूनरच्या ॲपवर सूर बघा.

विकत घेतानाही तेच ॲप जवळ ठेवा. वरची तीन भोकं बंद करून मध्यम फुंकेने सा वाजवा. बासरीवर ‘जी’ लिहिलं असेल तर ॲपवर जी यायला हवा, काटा १० सेंटच्या आतबाहेर. (अर्ध्या सुराचे १०० सेंट.) मग बोटं न हलवता फुंक आवळून वरचा सा घ्या. दोघांत १५ सेंटपेक्षा जास्त फरक पडला तर ती बासरी परत ठेवा, ती कितीही गोड वाजो. यात्रेतली रंगीत बासरी या परीक्षेत क्वचितच टिकते. आणि जंगल घरामागेच आहे म्हणून स्वतः करायला जाल तर ध्यानात असू द्या: गडचिरोली-चंद्रपूरकडचा मानवेल काठीला उत्तम, पण भिंत जाड आणि पोकळी अरुंद, कधीकधी जवळजवळ भरीव. बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू लागतो. उत्तर प्रदेशातलं पिलिभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण बांबू तेही आसामहून आणतात.

दुसरी पायरी: मे आणि डिसेंबरचा हिशोब

पुस्तकांत हे सहसा नसतं, आणि विदर्भात सगळ्यात जास्त घोटाळा याचाच होतो. हवा तापली की तिच्यात आवाज वेगाने जातो आणि बासरीचा सूर चढतो, दर अंशाला साधारण ३ सेंट. २७ अंशाला जुळवलेली बासरी मे महिन्यातल्या संध्याकाळी ३८ अंशात वाजवली तर ३० सेंटच्या आसपास चढी लागते. त्याच उकाड्यात गिटारच्या तारा प्रसरण पावून ढिल्या होतात आणि गिटार उतरते. एक वर, एक खाली. श्रोत्याला कारण कळत नाही, पण कानाला टोचतं. डिसेंबरात नेमकं उलटं. रात्री १२ अंशात तारा ताणल्या जाऊन गिटार चढते आणि बासरी ४० सेंटपर्यंत उतरू शकते. आत उबदार श्वास जात असल्याने प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, तरी दुर्लक्ष करण्याइतका नाही. झाडीपट्टीत थंडीत रात्र-रात्र नाटकांना साथ करणाऱ्या वादकांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

उपाय क्रमाने करायचा. आधी बासरी गरम करा: सगळी भोकं झाकून दोन मिनिटं संथ, उबदार श्वास आत सोडा. थंडीत दोन गाण्यांच्या मध्ये ती जॅकेटच्या आत ठेवा. शेकोटीजवळ नेऊ नका, तडा जाईल. मग सा वाजवून ॲपवर काटा बघा. समजा २० सेंट चढा आहे. कीबोर्डमध्ये ‘मास्टर ट्यून’ नावाची सोय असते. ए या सुराचे नेहमीचे ४४० हर्ट्झ असतात, त्याचं ४४५ केलं की सगळा कीबोर्ड २० सेंट चढतो. त्याच्यावर गिटार आणि बेस जुळवायचे. बासरी शेवटी जुळवायची हा हट्ट सोडा, कारण ती एकटीच अशी आहे की जिला खुंटी नाही. वाजवताना तोंडाचं भोक किंचित ओठाकडे वळवलं तर सूर उतरतो, बाहेर वळवलं तर चढतो. यातून १५-२० सेंट सांभाळता येतात, पण आत जास्त वळवली की आवाज दबतो.

मोबाइलवरचा ट्रॅक लावून वाजवणार असाल तर ४४० हलत नाही. तिथे उन्हाळ्यासाठी वेगळी, थोडी उतरलेली बासरी बाळगणं हाच मार्ग.

तिसरी पायरी: जागा मागून घ्या

डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलेली गिटार साधारण २०० हर्ट्झपासून ४-५ हजारांपर्यंतची सगळी जागा भरून टाकते. बासरीचे खालचे सूर याच पट्ट्यात, आणि त्यांचा पोत इतका सरळ-साधा की गिटारखाली ते पूर्ण झाकले जातात. म्हणून मोठी, खर्जातली बासरी कितीही आवडली तरी गिटार जोरात असताना काढू नका. वरचं सप्तक घ्या. गायगोधनाच्या (दिवाळीतल्या गायींच्या सणाच्या) दिवशी डफड्याच्या दणक्यावरून पावा दूरवर ऐकू जातो तो आखूड आणि उंच असतो म्हणून. त्यात ताकद कमी आणि सप्तकाची निवड जास्त.

आता गिटारकडे बघा. रॉकमधली पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. गंधार नाहीच. म्हणजे तो एक खवळलेला तंबोराच झाला. गाणं उदास की प्रसन्न हे गंधार ठरवतो, आणि ती जागा मोकळी असते. गिटारवाल्याने पूर्ण मायनर कॉर्ड वाजवण्याऐवजी पॉवर कॉर्ड धरली तर तो सूर बासरीच्या वाट्याला येतो. ई मायनरच्या गाण्यात हा सूर जी, म्हणजे पांढरी पाचच्या बासरीचा सा. त्याच्यावर ए वरून मींड घेत उतरा आणि दोन मात्रा थांबा. एवढ्याने गाण्याचा रंग बदलतो. तालमीत गिटारवाल्याशी हे एकदा बोलून ठेवा. बहुतेक जण तयार होतात, कारण पॉवर कॉर्ड वाजवायला सोपीच असते.

एक नमुना बसवून बघा. ई मायनर, लय ११०, चार मात्रांचे बार. पहिले चार बार गिटारचा रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा) एकटा. पुढचे चार बार तोच रिफ बासरीने वरच्या सप्तकात, गिटारसोबत, सूर न सूर. अंतरा सुरू झाला की बासरी बंद. हे नवख्यांना सगळ्यात जड जातं. गायकाच्या ओळीमागे सतत तुरतुर लावणं म्हणजे दोघांचंही नुकसान. ओळ संपल्यावर दोन मात्रांची फट असते, तेवढीच भरा, तीही एक आड एक ओळीला. मग सोलो, १६ बार. पहिल्या आठ बारांत गिटारवाला तळव्याने तारा दाबून मुका ठोका देईल, ड्रमवाला क्रॅशची मोठी झांज सोडून बंद हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या मिटलेल्या जोडीवर येईल, बेस तसाच चालेल. इथे छोटे, तुटक तुकडे वाजवा. नवव्या बारापासून सगळे उघडतील, तेव्हा तुकडे थांबवून लांब, उंच सूर धरा, कारण आता बारीक काम ऐकू जाणारच नाही. शेवटचे चार बार पुन्हा रिफ एकत्र.

ही जागा कशी करतात ते दोन रेकॉर्डिंगमध्ये छान ऐकायला मिळतं. जेनेसिस या बँडच्या १९७३ च्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मध्ये एक धून आधी पीटर गॅब्रिएल शांत पियानोच्या जोडीने बासरीवर वाजवतो आणि नंतर तीच धून स्टीव्ह हॅकेट सगळ्या बँडच्या गजरात गिटारवर घेतो. फोकस या डच बँडच्या १९७१ च्या ‘हॉकस पोकस’मध्ये गिटारचा रिफ आणि बासरी पाळीपाळीने येतात. दोन्हीकडे बासरी भांडत नाही, तिची पाळी ठरलेली असते.

चौथी पायरी: फुंक बदला

शास्त्रीय आणि भजनी वाजवण्यात सूर एकमेकांत मिसळतात. रॉकला सुराची सुरुवात टोकदार लागते. त्यासाठी जीभ. प्रत्येक सुराला ‘तु’ म्हणत फुंका, मग जलद तुकड्यांसाठी ‘तु-कु, तु-कु’. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ८० वर ठेवून एका मात्रेत चार सूर. ‘कु’चा सूर नेहमी पोकळ येतो, म्हणून आठवडाभर फक्त ‘कु-कु-कु’ करा. रोज दहा मिनिटं पुरे. दर तीन दिवसांनी लय ५ ने वाढवा, १२० ला थांबा.

दुसरी गोष्ट, वाजवताना गुणगुणणं. रॉकमधल्या बासरीचा तो खरखरीत, गुरगुरता आवाज यातूनच येतो. जॅझवाला रोलंड कर्क हे आधी करत होता, अँडरसनने त्याच्याकडून उचललं. पद्धत अशी: बासरी बाजूला ठेवून ‘उऽऽ’ वर सा लावा. मग बासरीवर तोच सा वाजवा, नुसता. आता वाजवत असतानाच घशातून खालच्या सप्तकातला सा सोडा. पहिल्या दिवशी दोन्ही बंद पडतात, कारण घसा आवळला की फुंक अडते. खांदे सैल सोडा, हनुवटी किंचित वर. आवाज जुळला की मुद्दाम तो अर्धा सूर हलवा, दोन सूर एकमेकांवर घासतात आणि गुरगुर उठते. एका गाण्यात दोन-तीन जागी पुरे. सगळं गाणं गुरगुरत वाजवलं तर ते पंपासारखं वाटतं. तिसरी युक्ती म्हणजे जीभ ‘र्रर्र’ अशी फडफडवत फुंकणं. ज्यांना बैल हाकताना ‘ट्रर्र’ करता येतं त्यांना ही पहिल्या प्रयत्नात जमते.

हे करताना डोकं गरगरलं तर लगेच थांबून बसा. जास्त श्वास बाहेर जातो म्हणून असं होतं, एक-दोन मिनिटांत उतरतं. उभ्याने रेटू नका.

पाचवी पायरी: माइक आणि साउंडवाला

साधा डायनॅमिक माइक चालतो, स्पंजची टोपी मात्र हवीच. माइक तोंडासमोर धरला तर फुंक सरळ त्यावर आदळते आणि भोंग्यातून ‘फूऽ’ येतं. तो फुंकेच्या रेषेपेक्षा दोन बोटं वर ठेवा, तोंडापासून बोटांच्या बाजूला ३-४ इंच सरकवून, आणि थोडा खाली झुकवा. अंतर ३ इंच. स्टँडचा बूम घट्ट आवळा, कारण सोलोत अंग हलतं आणि माइक जागेवर राहिला तरी बासरी राहत नाही. एक पाय कुठे ठेवायचा तिथे खडूने खूण करा.

मिक्सरवर: लो-कट दाबा. पांढरी पाचच्या बासरीचा सगळ्यात खालचा सूर २९४ हर्ट्झचा, त्यामुळे १०० हर्ट्झखालचं सगळं कापलं तरी काही जात नाही, फक्त वारा आणि ड्रमची गडगड जाते. हाय वाढवू नका, श्वासाची सूं-सूं वाढते. आवाज कर्कश लागला तर मिड ३ हजारांच्या आसपास थोडा उतरवा. इको फक्त बासरीच्या चॅनेलला मागा. सगळ्यांना मिळून लावला तर ड्रम दोनदा वाजतात. इकोचा वेळ लयीवरून काढता येतो: ६०,००० भागिले लय. ११० ला ५४५ मिलिसेकंद, घाईच्या तुकड्यांना त्याचं निम्मं.

आणि साउंडवाल्याला आधीच सांगा, “भाऊ, शेवटी मी उंच सूर लांब धरणार आहे, ती शिट्टी नाही.” नाहीतर माइक बोंबलला समजून तो नेमका तिथेच फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो. खरी शिट्टी टाळायला मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या पाठीमागे, तुमच्याकडे तोंड करून ठेवा.

सहावी पायरी: कूलर

उन्हाळी कार्यक्रमात स्टेजच्या कडेला जम्बो कूलर असतो. बासरीचा सूर ओठातून निघालेल्या हवेच्या पातळ पट्टीवर उभा आहे. कडेने वारा लागला की ती पट्टी भोकाच्या काठावरून सरकते आणि सूर गायब होतो, फुंक कितीही असो. वादकाला वाटतं आपलेच ओठ सुकले. कूलरकडे पाठ करून उभं राहा, म्हणजे अंगाचा आडोसा होतो, किंवा बासरीच्या गाण्यापुरता तो बंद करायला एक माणूस नेमा. माळावरच्या मोकळ्या स्टेजवर वाऱ्याची दिशा आधी बघून जागा ठरवा.

वीज एकाच बोर्डावरून घ्या. गिटारचा ॲम्प एका घरून आणि मिक्सर दुसऱ्या खांबावरून असेल, अर्थिंग धड नसेल, तर गिटारवाल्याचे ओठ माइकला लागताच झटका बसतो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापलेली दिसली तर तो प्लग वापरू नका. बांबूच्या बासरीतून तुम्हाला झटका येणार नाही, पण माइक सरकवायला हात लावाल तेव्हा येईल. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा साउंड चेक दिवसाउजेडीच मागून घ्या. मात्र दुपारच्या उन्हात जुळवलेले सूर रात्री ९ ला तसेच राहत नाहीत, स्टेजवर चढण्याआधी सा पुन्हा बघा.

वाजवून झाल्यावर काडीला मऊ फडकं गुंडाळून आतली ओल पुसा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फडक्यावर मोहरीच्या तेलाचे पाच-सहा थेंब घेऊन आतून हात फिरवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. पिशवी प्लास्टिकची नको, कापडी हवी. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. केसाएवढा तडा दिसला तर वाजवणं थांबवा, तड्यावर पातळ सुपरग्लू सोडा, सुकू द्या आणि त्यावर मेणलावला दोरा अर्धा इंच रुंदीत घट्ट गुंडाळा. तडा तोंडाच्या भोकापर्यंत पोचला असेल तर दोऱ्याने भागत नाही, नवीन बासरी घ्यावी लागते.